मधलं धम्माचं

मित्रांनो, भवानी पेठेतल्या शिवप्पांच्या पत्र्याच्या हॉलमध्ये कधी आलात, तर दारामागच्या खिळ्याकडे जरा मान वर करून बघा. निळा रंग उडालेली, कपाळावर दोरा गुंडाळलेली एक बॅडमिंटनची रॅकेट तिथे लटकलेली दिसेल. तीच मी. जुनी आहे, कबूल. पण भंगार म्हणाल तर याद राखा, मला राग लवकर येतो.

आता तुम्ही म्हणाल, रॅकेटला कसलं आलंय आयुष्य? शटल बडवायचं आणि गप पडायचं. एकेरीच्या रॅकेटचं तसंच असतं बिचारीचं. मी दुहेरीची. माझी एक जोडीदारीण होती.

ऋतुजा आणि धम्मप्रिया या सोलापूरच्या दोन मुलींनी राष्ट्रीय स्पर्धेत पहिलं पदक जिंकलं, आणि परत आल्या आल्या मल्लेशच्या दुकानातून आम्हा दोघींना घेतलं. आम्ही एकाच खोक्यातून निघालो. रंग एक, वजन एक. मल्लेशने एकाच दुपारी दोघींना तार ओढली. मी ऋतुजाच्या उजव्या हातात गेले आणि ती धम्मप्रियाच्या डाव्या हातात. व्हय, धम्मप्रिया डावरी होती.

दुहेरीत एक रीत असते. गुण मिळो नाहीतर जावो, पुढचा गुण सुरू होण्याआधी दोघी जोडीदारणी रॅकेटला रॅकेट टेकवतात. गुण गेला असेल तर 'असू दे', मिळाला असेल तर 'चल पुढं'. तोंडाने काही बोलायचं नाही. एका सामन्यात शंभर वेळा तरी आम्ही अशा भेटत असू. लोक पदकांचं कौतुक करत. मला मात्र त्या टेकण्याची चटक लागली होती.

या दोघींना तोंडाने बोलायची सवयच नव्हती. त्यालाही कारण होतं. शिवप्पांचा हॉल म्हणजे मूळची यंत्रमागाची शेड. त्यांनी आपले माग विकले आणि तिथे दोन कोर्ट आखली, पण भिंतीपलीकडचे माग आजही चालतात. सकाळपासून नुसता खडखडाट! कानाशी ओरडलं तरी ऐकू येत नाही. दुसऱ्या गावच्या पोरी खेळताना 'माझं', 'तुझं' म्हणून हाका मारतात. आमच्या दोघींनी लहानपणीच एक नियम करून टाकला. दोघींच्या बरोबर मधोमध शटल आलं, तर ते धम्मप्रियाने मारायचं. मधलं धम्माचं. विषय संपला.

त्या नियमावर आम्ही चार वर्षं देशभर खेळलो. हैदराबाद, गुवाहाटी, कोची, कुठं कुठं म्हणून सांगू! खेळावरच दोघींचं पोट होतं. धम्मप्रियाला खेळाडू म्हणून रेल्वेत नोकरी लागली, तरी ती बहुतेक माझ्या शेजारीच, कोर्टावर असायची. रेल्वेच्या डब्यात आम्ही दोन रॅकेटी एकाच पिशवीत झोपत होतो. लई चांगले दिवस होते ते.

मग राज्य स्पर्धेची अंतिम फेरी आली. तिसरा गेम, एकोणीस-एकोणीस. समोरून शटल उंच आलं, अगदी मधोमध. ऋतुजा डावीकडे उभी, धम्मप्रिया उजवीकडे. एक उजवी आणि एक डावरी अशा उभ्या असल्या की मधलं शटल दोघींच्याही हाताला सोपं वाटतं. पण नियम ठरलेला होता. ऋतुजाने थांबायला हवं होतं.

ती थांबली नाही. काय अंगात आलं कोण जाणे, तिने मला पूर्ण ताकदीने फिरवलं. स्पर्धेच्या त्या मोठ्या हॉलमध्ये माग नव्हते. टाचणी पडली तरी ऐकू आली असती. नुसतं 'माझं' म्हणाली असती, तरी धम्मप्रिया बाजूला झाली असती. पण हाक मारायला ती शिकलीच नव्हती. मी आधी माझ्या जोडीदारणीवर आदळले आणि तिथून घसरून धम्मप्रियाच्या डाव्या मनगटावर बसले. माझ्या कपाळाला तडा गेला. तिच्या मनगटाचं हाड मोडलं.

मित्रांनो, मला हात नाहीत, पाय नाहीत, मी काय करणार होते? पण लागलं ते माझंच लागलं. हे मी कधी विसरले नाही.

चौथ्या दिवशी ऋतुजा मोसंब्यांची पिशवी घेऊन बुधवार पेठेत निघाली. धम्मप्रियाचं घर तिथेच. मी तिच्या पाठीवर होते. गल्लीच्या तोंडाशी ती थांबली. लांबून दारात धम्मप्रियाची आई मीनाबाई दिसत होती, कपडे वाळत घालत होती. ऋतुजा तिथे किती वेळ उभी राहिली ते सांगता येणार नाही. मग गाडी वळवून घरी आली. मोसंबी घरच्यांनी खाल्ली.

'उद्या जाते,' असं ती आठवडाभर म्हणत होती. तेवढ्यात पुढची राष्ट्रीय स्पर्धा आली आणि प्रशिक्षकांनी तिला दुसऱ्या गावची जोडीदारीण दिली. बातमी पेपरात आली, दोघींच्या फोटोसकट. आता कुठल्या तोंडाने जायचं? ती गेलीच नाही. नव्या रॅकेटी आल्या आणि मी पिशवीच्या तळाला गेले. ऋतुजा नव्या जोडीदारणीबरोबर तीन-चार वर्षं खेळली, बरी खेळली. पण प्रत्येक गुणानंतर कोर्टावरून रॅकेटी टेकल्याचा आवाज आला की माझा जीव कासावीस व्हायचा. ती माझी नव्हती हो.

पुढे ऋतुजाचे गुडघे कुरकुरू लागले. तिने खेळ सोडला आणि शिवप्पांच्या हॉलमध्ये मुलांना शिकवायला लागली. मला पुन्हा बाहेर काढलं. मल्लेशने माझ्या तड्यावर दोरा गुंडाळला, तार ढिलीच ओढली आणि बजावलं, "मॅडम, हिला जोरात मारू नका, जाईल." तेव्हापासून माझं काम म्हणजे मुलांना एकामागून एक शटल उडवून देणं. बादलीभर शटल, पुन्हा बादलीभर. पत्रा असा तापतो की काही विचारू नका.

ऋतुजा मुलांना पहिला धडा काय देते, माहीत आहे? ओरडायचा! "मागाच्या वर आवाज गेला पायजे! माझं म्हणा! तुझं म्हणा!" पोरं बेंबीच्या देठापासून ओरडतात. मला हसू यायचं आणि चीडही यायची. पोरांना बोलायला लावणारी ही बाई स्वतः एक शब्द बोलायला नऊ वर्षं घाबरत होती. मनगटामुळे धम्मप्रियाचा खेळ कायमचा सुटला; ती याच गावात, स्टेशनवर तिकीट खिडकीत बसते. म्हणून ऋतुजा मोबाईलवर तिकीट काढते आणि गाडीत बसायला पार कुर्डुवाडी स्टेशनला जाते! शहाणीच म्हणायची.

मागच्या महिन्यात रेश्मा नावाच्या मुलीची रॅकेट तिच्या जोडीदारणीच्या बोटाला लागली. बोट सुजलं, बाकी काही नाही. दुसऱ्या दिवशी ती जोडीदारीण आली नाही आणि रेश्मा कोपऱ्यात बसून राहिली.

ऋतुजाने विचारलं, "तिच्या घरी गेलीस का गं?"

"न्हाय मॅडम. तिची आई लई ओरडंल."

"ओरडू दे की! खाणार हाय का तुला? ऊठ, आत्ताच्या आत्ता जायचं."

एवढं बोलली आणि तिचा चेहरा उतरला. मी तिच्या हातातच होते. तिने मला पिशवीत घातलं आणि पिशवी पाठीला लावली.

तिने रेश्माला गाडीवर बसवून तिच्या जोडीदारणीकडे सोडलं. दोघी पोरी पाच मिनिटांत खिदळायला लागल्या. ऋतुजा तिथून निघाली आणि घरी न जाता बुधवार पेठेकडे वळली. गल्लीच्या तोंडाशी गाडी हळू झाली. मी म्हटलं, झालं, वळणार आता. पण नाही वळली.

मीनाबाईंनी दार उघडलं. केस पांढरे झाले होते. त्यांनी डोळे बारीक करून बघितलं.

"ऋतुजा व्हय? ये की. चप्पल हितंच काढ, आत्ताच पुसलंय."

नऊ वर्षांनी एवढंच म्हणाल्या. धम्मप्रिया ड्युटीवरून येऊन चहा पीत होती. ती उठली नाही. ऋतुजाने मला पिशवीतून काढलं आणि रडवेल्या आवाजात म्हणाली, "हिनंच लागलं हुतं. धम्मा, तुझं मनगट माझ्यामुळं गेलं. मधलं तुझं हुतं. मला माफ कर."

धम्मप्रियाने कप खाली ठेवला.

"मनगटाचं काय घेऊन बसलीस? खेळात लागतं की. माझीबी रॅकेट तुला दोनदा लागली हुती. तू भेटायला का न्हाय आलीस, ते सांग."

धम्मप्रियाने डावं मनगट पुढे केलं.

"दीड महिना प्लॅस्टर हुतं. गाडीचा आवाज आला की मी आईला म्हणायची, बघ गं, ऋतुजा असंल. शेवटी पेपरातच दिसलीस."

मित्रांनो, मी नऊ वर्षं त्या हाडाचं ओझं वाहत होते. ऋतुजाही तेच वाहत होती. आणि दुखत होतं ते भलतंच! ऋतुजा मान खाली घालून रडली. म्हणाली, "कोपऱ्यापर्यंत आले हुते गं." धम्मप्रियाही रडली, आणि रडता रडता म्हणाली, "कोपऱ्यापर्यंत येऊन उपयोग काय, येडे?"

मग तिने मला डाव्या हातात घेतलं. बोटं पूर्ण मिटत नव्हती. अंगठ्याने माझ्या तड्यावरचा दोरा चाचपला आणि तार वाजवून बघितली. "लई ढिली ठेवलीयास," म्हणाली. तो हात ऊबदार होता. मला वाटलं होतं, ती मला फेकून देईल.

माझं लक्ष मात्र भिंतीकडे होतं. खुंट्या बघत होते, कपाटावर बघत होते. मला विचारता येत नव्हतं, पण ऋतुजाने विचारलं, "तुझी कुटं हाय?"

उत्तर मीनाबाईंनी दिलं. "त्या खुंटीला हुती की. हात लावू देत न्हवती कुणाला. ऋतुजा आली की लागंल म्हणायची. मागच्या दिवाळीला म्हणाली, आता कोण येतंय, आणि माझ्या भावाच्या नातवाला देऊन टाकली. त्यानं आठ दिवसांत मोडली."

आता धम्मप्रिया दर रविवारी हॉलमध्ये येते. खुर्ची टाकून बसते आणि डावऱ्या मुलींना शिकवते. दोघी भांडतात, चहा पितात, मागाच्या खडखडाटात एकमेकींच्या कानाशी तोंड नेऊन बोलतात. मला आनंद आहे. खरंच आहे. फक्त पोरं गुणानंतर रॅकेटला रॅकेट टेकवतात ना, तेव्हा मी भिंतीकडे बघते.

मित्रांनो, तुमच्या रॅकेटी पुसून ठेवा, उन्हात टाकू नका, हे मी सांगायला नको. तार तुटली तर मल्लेश आहे. पण तुमच्या हातून कुणाला लागलं, तर त्याच आठवड्यात त्याच्या घरी जा. बोलायला जमत नसेल तर नुसते दारात उभे राहा, कुणीतरी चप्पल काढ म्हणेलच. आमच्या ऋतुजाला कोपऱ्यापासून दारापर्यंत जायला नऊ वर्षं लागली, आणि माझी जोडीदारीण आठ वर्षं त्या खुंटीवर वाट बघत होती.