ताठ बुंध्याचा वाण

बियाणं केंद्रात त्याला सगळे 'कणसे' म्हणायचे. त्याचं आडनाव दुसरंच होतं. पण माणूस दिवसभर मक्यात आणि तोंडीही मकाच, तेव्हा खरं आडनाव पगारपत्रकापुरतं उरलं. बायको त्याच केंद्रात, त्याच कामावर. लग्नाआधी दोघं प्लॉटच्या बांधावर भांडायची. लग्नानंतर भांडण तेच राहिलं, फक्त जेवणाच्या टेबलावर आलं.

मग केंद्रानं तिला दूरच्या फार्मवर पाठवलं. संकरित मक्याला आईबाप लागतात आणि दोघंही शुद्ध वाणाचे लागतात; पेरलेलं प्रत्येक झाड शेजारच्यासारखंच निघायला हवं. त्यासाठी झाडाचे पराग त्याच झाडाच्या कणसाला द्यायचे, चांगली झाडं ठेवायची, बाकीची टाकायची आणि हे सात-आठ पिढ्या करत राहायचं. इकडे थंडीत जमीन गोठायची, वर्षाला एकच पिढी हाती लागायची. तिकडे मका बारमाही. बापाचा वाण तयार होता. आईचा वाण तिचा होता, अगदी पहिल्या झाडापासून तिनं निवडलेला. "दोन हंगामांचा तर प्रश्न आहे," साहेब म्हणाले.

साहेबांच्या दोन हंगामांची बघता बघता तीन वर्षं झाली.

घरी कणसे आणि तिचे वडील. म्हातारबुवांनी जन्मभर शिंपीकाम केलेलं. तिकडचा उकाडा त्यांच्या छातीला सोसणारा नव्हता, म्हणून ते इथे. आणि वाणाच्या चाचण्या इथल्याच हवेत घ्यायच्या, म्हणून जावई इथे. "घरजावई सगळ्यांनी पाहिलाय," ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, "घरसासरा मी पहिलाच."

बियाण्याच्या कापडी पिशव्या तेच शिवायचे. तिकडून पिशवी आली, की कणसे ती सोडण्याआधी नाकाशी धरायचा.

"कसला वास येतो, जावईबापू?"

"मक्याचा."

"मग एवढा वेळ काय हुंगता?"

कणसे गाठ सोडायला लागायचा.

फोन रोज व्हायचा. तिचा पहिला प्रश्न "तुरे आले का?" असायचा आणि त्याचा "कणसं टोकापर्यंत भरली का?" असायचा. जेवलीस का, झोप लागते का, हे शेवटी, घाईघाईत यायचं. फोन ठेवल्यावर त्याला वाटायचं, आपण उलट्या क्रमानं बोललो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

तिचा वाण शुद्ध निघाला. एकाच उंचीची, एकाच रंगाची झाडं, जणू एका आईच्या लेकी. बापवाणाशी संकर केला तर कणसं मनगटाएवढी, दाणा गोड, वरचं पानांचं आवरण टोकापर्यंत घट्ट. एवढा एक हंगाम नीट गेला की ती घरी येणार, हे ठरलं. म्हातारबुवांनी खोलीला नवे पडदे शिवले. कणसेनं तिच्या बाजूचं कपाट रिकामं करून पुसलं, दोनदा.

कापणीला थोडा अवकाश असताना वादळ झालं. सकाळी तो प्लॉटवर गेला. नव्या संकरातली तिसरा हिस्सा झाडं कणसाच्या खाली मोडून पडली होती. शेजारचे जुने वाण मात्र वाकून पुन्हा उभे राहिले होते. त्यानं एक बुंधा बोटांनी दाबला, तो ओल्या बिस्किटासारखा दबला. बापवाणाचा बुंधा टणक होता. उणीव आईच्या वाणात होती.

वादळावर ढकलता आलं असतं. कुणी विचारलंही नसतं. चारपाच दिवस तो फोनवर दाण्यांचंच बोलत राहिला. मग तिनंच विचारलं, "तुझा आवाज का असा येतोय?"

त्यानं सांगितलं.

"शेजारचे वाण?"

"उभे आहेत."

तिनं विचारलं, "तू सांगितलं नसतंस तर?"

"तर पुढच्या महिन्यात तू इथे असतीस."

"आणि लोकांच्या शेतात मका आडवा झाला की आपण एकमेकांची तोंडं कशी बघितली असती रे?" ती हसली, पण हसू मध्येच तुटलं. "मला यायचं होतं. इतकं यायचं होतं, की मी बॅग बाहेर काढून ठेवलीय."

"माहीत आहे," तो म्हणाला. कपाटाचं त्यानं सांगितलं नाही.

आता तिच्या वाणात ताठ बुंध्याचा गुण आणायचा होता. म्हणजे टणक वाणाशी संकर, मग पुन्हा पुन्हा तिच्याच वाणाशी, आणि दर पिढीला निवड. पुढच्या उन्हाळ्यात तिला थोडी रजा मिळाली, ती नेमकी तुरे फुटायच्या दिवसांत. पराग कुणाच्या रजेसाठी थांबत नाहीत. आल्या दिवशीच ती शेतात उतरली. एकेका टणक झाडाला खांद्यानं ढकलत, बुटाची ठोकर देत फिरली आणि एकापाशी थांबली. "हा. हा बुंधा माझ्यापेक्षा हट्टी आहे."

दव वाळलं की तो त्या झाडाच्या तुऱ्यावरची कागदी पिशवी झटकून पराग गोळा करायचा आणि ती तिच्या वाणाच्या कणसांचे कोवळे केस उघडून त्यावर ते भुरभुरायची, लगेच झाकायची. पिवळी पूड तिच्या केसांत बसली होती. झटकायला त्यानं हात उचलला आणि तसाच तिथे ठेवला.

"काय?" ती म्हणाली.

"काही नाही. राहू दे."

घरी म्हातारबुवा कुरकुरले, "लेक बापाकडे आलीय की मक्याकडे?" तिनं त्यांच्या पाठीला तेल लावून दिलं, पडद्यांचं कौतुक केलं, आणि ताटावर बसल्या बसल्या तिला डुलकी लागली. कणसेनं तिच्या हातातला घास हळूच काढून ठेवला.

निघताना दारात ती म्हणाली, "पिढ्या मोजू नकोस."

"नाही मोजत."

"मी मोजते, म्हणून सांगतेय."

त्यालाही दोन वर्षं होत आली. नवा वाण जवळजवळ शुद्ध झाला आहे, एखाददुसरी पिढी राहिली. त्याचा संकर यंदा इथे पहिल्यांदाच पेरला. परवा संध्याकाळी तिचा फोन आला.

"तिकडे वारा आहे?"

"आहे. चांगलाच आहे."

"मग बाहेर जा. मी फोन धरून थांबते."

तो फोन घेऊन प्लॉटच्या मध्यावर जाऊन उभा राहिला. झाडं एकदम एका बाजूला झुकत होती, पानं सळसळत होती.

"उभी आहेत?"

"उभी आहेत."

थोड्या वेळानं तो घराकडे वळायला लागला, तशी ती म्हणाली, "जाऊ नकोस ना इतक्यात. ऐकू दे."

त्यानं हात उंच केला आणि फोन पानांच्या जवळ धरून तो तसाच उभा राहिला.