वजाची रेघ

चष्म्याच्या काचा घासणाऱ्या त्या कारखान्यात त्याला सगळे टिपमास्तर म्हणायचे, आणि त्याला ते भारी आवडायचं. काम म्हणाल तर दुकानांच्या ऑर्डरी संगणकावरच्या एक्सेल शीटमध्ये भरायच्या. पण रोज सकाळी कारखान्याच्या ग्रुपवर त्याची एक टिप पडायचीच. नावाच्या मागेपुढे घुसलेल्या फालतू मोकळ्या जागा 'ट्रिम'च्या सूत्राने कशा झाडायच्या, 'लेफ्ट'चं सूत्र लावून कोडची पहिली अक्षरं कशी उचलायची, तारखेच्या पोटात खरं तर एक साधा आकडा कसा दडलेला असतो. कुणी विचारलेलं नसायचं. पण कुणी विचारायची वाट बघेल तो मास्तर कसला!

त्या सोमवारी फोन नंबरांचा नुसता सावळागोंधळ होता. कुठे मध्येच आडव्या रेघा, कुठे नाहीत. मास्तरने तोऱ्यात टिप टाकली: 'सबस्टिट्यूट'चं सूत्र लिहा, फोनचा रकाना द्या, रेघा गायब. स्वतः मात्र त्याने सूत्र लिहायचाही कंटाळा केला. 'शोधा आणि बदला' उघडलं, रेघेच्या जागी काहीच नको असं भरलं आणि दाबलं बटण. फोनचा रकाना निवडायचा राहूनच गेला. अख्ख्या शीटवरच्या रेघा गेल्या, आणि त्यांच्याबरोबर चष्म्याच्या नंबरांपुढची वजाची चिन्हंही. ज्यांना लांबचं दिसत नाही त्यांचा नंबर वजा. ते चिन्ह गेलं की काच बरोब्बर उलटी होते, म्हातारपणी वाचायला लागते तशी.

घासणीच्या खोलीतल्या स्क्रीनवर तीच शीट दिसायची, आणि ती बघून मावशी काचा घासायच्या. कारखान्यातल्या सगळ्यात जुन्या कारागीर त्या. दारातून डोकावून म्हणाल्या, "काय रे मास्तर, आज सगळी म्हातारीच गिऱ्हाइकं आली की काय?"

"वाचनाची हौस वाढलीय लोकांची, मावशी!" तो म्हणाला, आणि स्वतःच्याच विनोदावर हसला.

गुरुवारी दुकानांचे फोन सुरू झाले. नवा चष्मा घातला की दिसत होतं तेही दिसेना, अशी लोकांची बोंब. मास्तरने शीट उघडली आणि त्याच्या पायाखालची जमीनच सरकली. आधी दुरुस्त करू, मग सांगू, असं म्हणत त्याने दुकानांचे मूळ मेल बघून सगळी चिन्हं घाईघाईने परत घातली. शेवटचं घालतोय तोच मालक पाठीमागे येऊन उभे राहिले.

"इथे तर वजाच आहे की!" ते म्हणाले. "बोलवा मावशींना."

तोंड उघडायचं ते तेव्हाच. पण तो उठून मावशींना बोलवायला गेला. मावशी आल्या, स्क्रीनवर वाकल्या, डोळे बारीक करून बघत राहिल्या. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. "मला ती रेघ दिसलीच नाही हो," एवढंच म्हणाल्या.

"डोळे तपासून घ्या. तोवर पॅकिंगला बसा," मालक म्हणाले. मावशींनी ॲप्रन काढला, घडी घालून मशीनवर ठेवला आणि खोक्यांपाशी जाऊन बसल्या.

मास्तरला तिथेच मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी ग्रुपवर टिप आली नाही. "काय मास्तर, पोतडी रिकामी झाली?" म्हणून लोकांनी छेडलं. घरी ताट तसंच सारलं तर बायको म्हणाली, "असं चोरासारखं तोंड करून काय बसलाय?" तिला काय ठाऊक, किती अचूक बोलली ते! सांगतो, उद्या सांगतो, असं तो मनाशी घोकत राहिला. लाज वाटायची आणि लाजेपायीच तोंड उघडायचं नाही. असल्या लाजेचं काय लोणचं घालायचं?

मग तपासणीचा दिवस आला. कारखान्याच्याच पुढच्या खोलीत डोळे तपासणाऱ्या बाई बसत. पेन शोधायच्या निमित्ताने मास्तर बाहेर घुटमळत होता. मनातल्या मनात म्हणत होता, निघू दे काहीतरी नंबर, थोडासाच. म्हणजे सुटलो.

दार उघडलं. "डोळे अगदी ठणठणीत आहेत तुमचे," बाई आतून म्हणत होत्या.

मावशी बाहेर आल्या त्या भिंतीला धरूनच. मास्तर दिसताच त्यांनी त्याचा हात पकडला. "डोळे चांगले आहेत म्हणते रे ती. म्हणजे माझं डोकंच गेलं. माझ्या आईचंही असंच सुरू झालं होतं. समोरची वस्तू दिसायची नाही तिला. शेवटी मला ओळखेना. कुणाला सांगू नकोस हं."

"मावशी," तो म्हणाला, "तिथे रेघ नव्हतीच. मी पुसली होती. चुकून. आणि मालक यायच्या आत परत घातली."

मावशींचे डोळे एकदम भरून आले. "म्हणजे मी बरी आहे? अरे, मी बरी आहे!" त्याचे दोन्ही हात धरून त्या हसल्या, रडल्या, वर "देव तुझं भलं करो" म्हणाल्या. त्यापेक्षा दोन थोबाडीत दिल्या असत्या तर त्याला सोसलं असतं.

हसू ओसरलं तसे त्यांनी त्याचे हात सोडले.

"माझ्या डोळ्यांत खरंच काही निघालं असतं," त्यांनी विचारलं, "तर सांगितलं असतंस?"

मास्तरने खाली बघितलं. मावशी पदराने चेहरा पुसून मालकांच्या खोलीकडे चालू लागल्या, आणि तो त्यांच्या मागे गेला.