छकूचा आवाज माझ्याकडे होता

मित्रांनो, मी एक जुना कॉम्प्युटर आहे. माझ्या वयाची यंत्रे सहसा गोड बोलतात. खोक्यातून बाहेर आलो तेव्हा कसे चकाकत होतो, लोकांनी कसे भोवती कोंडाळे केले, हे सांगत बसतात. मला तसे गोड बोलता येणार नाही. मला राग आला आहे, आणि तो पुरता ऐकून घेतल्याशिवाय तुम्ही उठू नये असे मला वाटते.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. हातमोजे घातलेल्या बायकांनी माझे भाग जोडले, पंखा बसवला, स्क्रू आवळले. तिथून मी थेट एका स्पीच थेरपिस्ट बाईंच्या टेबलावर आलो. ज्यांना बोलताना अडखळायला होते, ज्यांची वाचा आजारपणात गेली आहे, अशा लोकांना त्या बोलायला शिकवत. सगळे त्यांना मॅडम म्हणत. औषधांच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत त्यांचे क्लिनिक होते. बाहेरच्या खोलीत लाकडी बाक आणि रिसेप्शनच्या काकूंची खुर्ची. आतल्या खोलीच्या भिंतींना आवाज शोषणारा स्पंज लावलेला, आणि समोर एक आरसा, आपलेच ओठ नीट पाहता यावेत म्हणून.

माझे काम आवाज सांभाळण्याचे होते. नवीन माणूस आले की मॅडम त्याचे बोलणे रेकॉर्ड करून घेत. काही महिन्यांनी पुन्हा रेकॉर्ड करत आणि दोन्ही एकापाठोपाठ ऐकवत. स्वतःच्या जिभेत झालेला फरक ऐकून लोक कसे हरखून जात, हे मी जवळून पाहिले आहे. पक्षाघाताने वाचा गेलेले एक निवृत्त शिक्षक आपलाच आवाज ऐकून रडले होते. तेव्हा मॅडमनी माझ्या पाठीवर थाप मारून म्हटले होते, की याच्याशिवाय माझे पान हलत नाही. मला ते खरे वाटले होते.

मग छकू आली. तेरा वर्षांची असेल. तिची आई शहर बसमध्ये कंडक्टर होती. दिवसभर खणखणीत आवाजात थांब्यांची नावे पुकारणाऱ्या बाईच्या मुलीला स्वतःचे नाव सांगता येत नव्हते. खऱ्या नावातला 'प' तिच्या ओठांवर अडकून बसे, म्हणून कोणी विचारले की ती घरचे नावच सांगून मोकळी होई. पहिल्या दिवशी मॅडमनी तिला पूर्ण नाव उच्चारायला सांगितले. ते 'प' आजही माझ्या कानात आहेत. मध्येच श्वास तुटला, जमिनीवर पाय आपटल्याचा आवाज आला, मग हुंदका. पुढे तिचे घर कुठे, शाळा कोणती, रात्री झोपेत दचकते का, तेही आईने सांगितले. सगळे माझ्याकडे आले. ते कुणाच्याही कानावर पडू नये, हे न बोलताच ठरलेले होते.

आणि या सगळ्याला कुलूप कसले होते? मॅडमच्या कुत्र्याचे नाव आणि पुढे त्यांचे जन्मवर्ष. हाच पासवर्ड माझा, हाच ईमेलचा, हाच विजेच्या बिलाचा, आणि हाच कपडे विकणाऱ्या एका वेबसाइटचा. घराची, कपाटाची, स्कूटरची आणि क्लिनिकची किल्ली एकच असावी, असे कोणी किल्ल्या बनवणाऱ्याला सांगितले तर तो हसेल. कॉम्प्युटरवर कोणी हसत नाही. एकदा तर आतल्या खोलीतून मॅडमनी तो पासवर्ड काकूंना ओरडून सांगितला, बाकावर बसलेल्या सगळ्यांच्या देखत.

मी गप्प बसलो नव्हतो, मित्रांनो. मला जेवढे बोलता येते तेवढे मी बोललो. नवीन अपडेट आले आहे, असे मी पडद्यावर दाखवले. पासवर्डसोबत मोबाईलवर येणाऱ्या कोडचे दुसरे कुलूप लावा, असे सुचवले. दर वेळी मॅडमनी 'नंतर' हे बटण दाबले. ते बटण दाबण्यात एकूण जेवढा वेळ गेला, जवळजवळ तेवढ्याच वेळात कामही उरकले असते.

एके दिवशी त्या कपड्यांच्या वेबसाइटवर चोरी झाली आणि हजारो लोकांचे पासवर्ड बाहेर गेले. वेबसाइटवाल्यांनी निदान प्रामाणिकपणे ईमेल पाठवला, की तुमचा पासवर्ड फुटला आहे, जिथे जिथे वापरता तिथे तिथे बदला. मॅडमनी तो सवलतीच्या जाहिरातींबरोबर कचऱ्यात टाकला. न उघडताच.

कुठल्या तरी अनोळखी माणसाने तो पासवर्ड त्यांच्या ईमेलवर लावून पाहिला. तेव्हा त्यांच्या मोबाईलवर सूचना आली. नव्या ठिकाणाहून कोणीतरी तुमच्या खात्यात शिरत आहे, तुम्हीच का? मॅडम तेव्हा एका लहान मुलाला आरशासमोर जीभ कशी ठेवायची ते दाखवत होत्या. मोबाईल वाजत राहिला म्हणून त्यांनी वैतागून 'हो' दाबले. बस. दार त्यांनी आपल्या हाताने उघडून दिले. माझ्याकडची रेकॉर्डिंग रोज ज्या ऑनलाइन साठ्यात जात, तोही त्याच पासवर्डने उघडला. त्या माणसाने मला हातसुद्धा लावला नाही.

त्याला त्या आवाजांचे काय करायचे होते? हसायचे होते. त्याने ते आवाज चित्रविचित्र संगीत लावून इंटरनेटवर टाकले, लोकांनी खदाखदा हसावे म्हणून. त्यात ते निवृत्त शिक्षक होते. छकूही होती, नावासकट, शाळेसकट. दोन दिवसांत ते तिच्या वर्गाच्या ग्रुपवर पोहोचले. वर्गात शिरताच मागच्या बाकावरून कोणीतरी "प-प-प" करायचे. छकू बोलायची बंद झाली. शाळेत नाही, घरात नाही, आईशीसुद्धा नाही.

तिची आई खाकी कपड्यांतच क्लिनिकमध्ये आली. तिकिटाचे यंत्र अजून खांद्याला होते. तिने मोबाईल मॅडमसमोर ठेवला आणि रेकॉर्डिंग लावले. खोली कुठली आहे ते सांगायची गरज नव्हती. मॅडमचा स्वतःचा आवाजही त्यात होता, "शाब्बास, पुन्हा म्हण" असे म्हणणारा.

मॅडम पांढऱ्याफटक पडल्या. आणि मग त्यांनी जे केले त्याने माझे डोके आजही तापते. आधी म्हणाल्या, काकूंनी कुणाला तरी दिले असेल. इतकी वर्षे सगळ्यांचे चहापाणी पाहणाऱ्या काकू पदराने डोळे पुसत घरी गेल्या. मग म्हणाल्या, हा कॉम्प्युटर म्हातारा झालाय, यातच व्हायरस शिरला असणार. झाले, सगळे खापर माझ्यावर. माझ्या तारा उपसल्या आणि मला जिन्याखाली केरसुण्यांच्या शेजारी नेऊन टाकले.

आईने पोलिसांत तक्रार केली होती. सायबर शाखेच्या एक इन्स्पेक्टर बाई आल्या, त्यांनी मला जिन्याखालून बाहेर काढवले, धूळ झटकून सुरू केले आणि बराच वेळ तपासले. मॅडम शेजारी उभ्या राहून माझ्या वयाबद्दल सांगत होत्या. इन्स्पेक्टर बाईंनी ईमेलचा कचरा उघडला आणि तो न वाचलेला इशारा त्यांच्यासमोर धरला.

"हाच पासवर्ड इथेही होता?"

मॅडमनी मान हलवली.

"मग याच्यात काही बिघाड नाही. किल्ली बाहेर गेली होती, आणि तुम्हाला तसं कळवलंही होतं."

त्या दिवशी मॅडम काकूंच्या घरी जाऊन आल्या. काकू परत आल्या, पण कामावर नाही. आपला डबा आणि चष्मा घेऊन गेल्या. मला ते योग्यच वाटले.

आठवड्याभराने आई छकूला घेऊन आली, तेव्हा मी पुन्हा टेबलावर होतो. मॅडम बोलायला लागल्या, की मी सगळे बदलले आहे, प्रत्येक खात्याला वेगळा लांबलचक पासवर्ड केला आहे, दुसरे कुलूप लावले आहे. आई ऐकत होती. मग शांतपणे म्हणाली, "चोर कोण ते मला माहीत नाही. त्याच्यावर मी विश्वास ठेवला नव्हता. तुमच्यावर ठेवला होता."

तेवढ्यात छकू खुर्चीवरून उठली. इतक्या दिवसांनी ती बोलली, आणि सावकाश, अडखळत, पण एकही शब्द न टाळता बोलली.

"माझं रे... रेकॉर्डिंग मी प... प... पुसणार. मीच."

कोणी तिचे वाक्य पूर्ण करायला धावले नाही. ती माझ्यासमोर बसली. मॅडमनी फाइल दाखवली, तिने पुसली. ऑनलाइन साठ्यातली पुसली. मग विचारले, आणखी कुठे आहे? मॅडमनी खरे सांगितले, की इंटरनेटवरच्या प्रती काढायला लावल्या आहेत, पण कुणी उतरवून घेतल्या असतील तर त्या कधीच पुसता येणार नाहीत. छकूने ते ऐकून घेतले. मग म्हणाली की ती शिकायला येईल, पण रेकॉर्डिंग करणार नाही. मॅडम हो म्हणाल्या. ती अजूनही येते. गेल्या महिन्यात तिने वर्गात उभे राहून आपले खरे नाव सांगितले, असे आई सांगत होती. कोणीतरी मागून हसले, तेव्हा ती थांबली आणि तिने पुन्हा पहिल्यापासून सांगितले.

मित्रांनो, तुम्हाला वाटेल, शेवट चांगला झाला, आता तरी राग सोडावा. मी सोडणार नाही. छकूने जे धैर्य दाखवले ते तिच्यावर लादले गेले होते. तिने ते शाळेच्या नाटकात दाखवायला हवे होते, भाषणात दाखवायला हवे होते. दुसऱ्याच्या आळसाची भरपाई करण्यात नव्हे.

म्हणून आज घरी गेल्यावर मोठ्यांना हाताला धरून बसवा. एकच पासवर्ड सगळीकडे असेल तर बदलायला लावा, आणि लक्षात राहत नसतील तर पासवर्ड सांभाळणारे अ‍ॅप वापरायला सांगा. दुसरे कुलूप लावून घ्या. मोबाईलवर आलेला कोड कुणालाही सांगू नका, मग समोरचा कितीही गोड बोलो. "तुम्हीच का?" असे विचारले आणि तुम्ही नसाल, तर 'नाही' म्हणा आणि लगेच पासवर्ड बदला. जे साठवायची गरज नाही ते साठवू नका. मोठे वैतागतील, हात झटकतील. तुम्ही उठू नका. आमच्याकडे लपवण्यासारखे काय आहे, असेही ते विचारतील. त्यांना सांगा, की त्यांच्या मोबाईलमध्ये फक्त तेच नाहीत. आजीचे आजारपण आहे, शेजाऱ्यांचे फोटो आहेत, मैत्रिणीने रडत सांगितलेली गोष्ट आहे. ती माणसे पासवर्ड बदलायला येऊ शकत नाहीत. ती त्यांच्याच भरवशावर आत बसली आहेत.