शब्द वापस पायजे

'भरणी'च्या आमसभेत अध्यक्षांचा विषय वाचून होतो न होतो तोच पुढच्या रांगांतून 'मंजूर, मंजूर' सुरू होतं. शेवटचा 'मंजूर' हवेत असतानाच अध्यक्ष पुढच्या विषयाला हात घालतात. तासाभरात आख्खं वर्ष मंजूर होतं आणि सगळे आलूबोंडा खायला मोकळे होतात. हे मला आजीने सांगितलं. ती इतकी वर्षं जाते ती मुख्यतः आलूबोंड्यासाठी, हेही तिनेच सांगितलं.

भरणी म्हणजे भरणी सहकारी ग्राहक भांडार. किराण्याची मोठी दुकानं, ढकलगाड्या, गारेगार एसी, सगळं असलेली. माझ्या आजीने, तुळसाबाईने, तरुणपणी बांधकामावर विटा उचलून त्यात एक भाग घेतला होता. तेव्हा भागधारकांना दिवाळीला साखर स्वस्त मिळायची. "साखर खाऊन झाली," आजी म्हणते, "मालकी बाकी हाये." पण मालकीण असणं आता फारसं मजेचं राहिलेलं नाही. रामटेकचं दुकान मागच्या वर्षी बंद झालं, मौद्याचं या उन्हाळ्यात, आणि आता पाळी आमच्या वाडीच्या दुकानाची होती.

त्या दुकानात माझी मम्मी काउंटरवर बसते. बाबा ट्रकवर असतात, रायपूर-बिलासपूरच्या फेऱ्या करतात, भाडं मिळालं की पैसे, नाही तर नाही. ठरलेल्या दिवशी येणारा पगार आमच्या घरात एकच, मम्मीचा. दुकान गेलं की तो गेला. त्यामुळे सभेची विषयपत्रिका आली तेव्हा मी ती आजीला मोठ्याने वाचून दाखवायला बसले. तशीही मला मोठ्याने वाचायची संधी कोणी नाकारत नाही. जिल्ह्याच्या वक्तृत्व स्पर्धेत नंबर आल्यापासून मी दुधाच्या पिशवीवरची सूचनासुद्धा आवाज लावून वाचते.

विषय क्रमांक पाच होता, कार्यकारी संचालक आणि दोन वरिष्ठ अधिकाऱ्यांना दिलेले 'कार्यक्षमता प्रोत्साहन' कायम करणे. एकवीस लाख.

"कार्यक्षमता म्हंजे काय वं?" आजीने विचारलं.

"काम चांगलं करणं, आजी."

"कोन्तं काम? दुकानं बंद कराचं?"

कर्मचाऱ्यांना गेल्या दिवाळीला बोनसऐवजी सोनपापडीचा डबा मिळाला होता, तोही दुकानात न खपलेल्यातला. मम्मीने तो घरी आणून फडताळावर ठेवला होता आणि कोणीच उघडला नव्हता.

गल्लीत केशवकाकांनीही पाचवा विषय वाचला होता. ते कोषागारातून निवृत्त झालेले, नियमाशिवाय शिंकतसुद्धा नाहीत. त्यांनी ठरवलं की सभेत उपसूचना मांडायची, हे एकवीस लाख परत घ्यावेत आणि वाडीचं दुकान चालवायला वापरावेत. पण एकट्याचा आवाज त्या 'मंजूर'च्या गदारोळात कुठे टिकणार? मागच्या रांगांतून आवाज उठायला हवा, असं ते म्हणाले, आणि माझ्याकडे पाहिलं. बस. आवाजाचं खातं माझ्याकडे आलं.

रविवारी विहारात वंदना झाली की मी आजीच्या मैत्रिणींना थांबवून घेऊ लागले. प्रेमिलाआजी, तिच्या दोन जावा, पलीकडच्या गल्लीतल्या बाया, सगळ्या साखरेच्या काळातल्या मालकिणी. मी त्यांना एकच शब्द शिकवला: नामंजूर. आधी सगळ्या लाजल्या. मग मी म्हटलं, नळावर भांडताना येतो तो आवाज काढा, तेव्हा कुठे जमलं. पाचवा विषय आला की उठायचं आणि ओरडायचं, बाकी काही ऐकत बसायची गरज नाही, असं मी त्यांना दोन-दोनदा बजावलं. तिसऱ्या रविवारी तर असा 'नामंजूर' झाला की पिंपळावरचे कावळे उडाले. मी भयंकर खूश होते.

त्याच रात्री जेवताना मम्मीने सांगितलं की तीही सभेला येणार आहे. दुकानातल्या सगळ्यांच्या नावे भरणीने पूर्वीच एकेक भाग करून ठेवलेला होता. सभेच्या दिवशी हिरवा टी-शर्ट घालून पुढच्या रांगांत बसायचं, दर विषयाला मंजूर म्हणायचं, असं कार्यकारी संचालक पुष्कर सरांनी स्वतः येऊन सांगितलं होतं. वाडीचं दुकान बंद झालं तर ज्या बाया "आपल्या" असतील त्यांना हिंगण्याच्या दुकानात घेऊ, असंही म्हणाले होते.

मी ताटावरून उठलेच. म्हणजे तू त्यांच्याकडून ओरडणार? तुझंच दुकान बंद करणाऱ्यांकडून? मी बरंच बोलले. मम्मी भाताचे गोळे करत राहिली. मग माझ्याशी नाही, आजीशी बोलली.

"आई, तुमी मांगून तुमचं म्हणा, मी समोरून माझं म्हणते. एवढ्या कल्ल्यात कोनाचा आवाज कोनाचा, कोनाले समजते."

आजीने थोडा विचार केला आणि मान हलवली. दोघींचं जमलं. मलाही मग ते फार वाईट वाटलं नाही. पुढे मम्मी हळूच 'मंजूर' म्हणेल, मागून आम्ही पिंपळ हलवू, हिंगण्याची नोकरीही राहील आणि एकवीस लाखही परत येतील.

सभा सीताबर्डीच्या एका सभागृहात होती. मी भागधारक नाही, माझं वय बसत नाही. पण आजीच्या गुडघ्यांना सोबत लागते म्हणून दारावरच्या माणसाने मला सोडलं. पुढच्या तीन रांगा हिरव्यागार. त्यात मम्मीचा अंबाडा मला लगेच सापडला. स्टेजवर अध्यक्ष महादेवराव, गोल, हसरे, आवाज तुपातला. त्यांच्या शेजारी पुष्कर सर, मोबाइलमध्ये.

पहिले चार विषय आजीने सांगितल्याप्रमाणेच पार पडले. मग महादेवराव म्हणाले, विषय क्रमांक पाच. मी माझ्या रांगेला कोपराने खूण केली, खूण पुढे सरकत गेली. केशवकाका उठले. माइक मिळाला नाही तरी त्यांनी कागद न बघता उपसूचना मांडली, शब्द न् शब्द स्वच्छ. हे प्रोत्साहन परत घ्यावं. मागे कोणीतरी शिट्टीसुद्धा वाजवली.

मला वाटलं महादेवराव चिडतील. ते चिडले नाहीत. ते म्हणाले, केशवराव अगदी बरोबर, नियम आहे, उपसूचना आधी मताला टाकावी लागते. मग त्यांनी चष्मा वर केला आणि आमच्याकडे, थेट मागच्या रांगांकडे बघून विचारलं, "तर सभासदहो, पाचव्या विषयावर केशवरावांची उपसूचना. मंजूर की नामंजूर?"

आणि माझ्या बाया उठल्या. "नामंजूर!"

काय आवाज होता तो. खिडक्यांच्या काचा थरथरल्या. पुढून हिरव्या रांगांनीही तोच शब्द उचलला, मग तर छतच वाजलं. प्रेमिलाआजीने मूठ वर केली होती. केशवकाका मागे वळून आमच्याकडे असे पाहत होते की जणू त्यांना कोणा ओळखीच्या माणसाने रस्त्यात ढकललं आहे.

"एकमताने नामंजूर," महादेवराव म्हणाले. स्टेजवर हसू पसरलं. पुष्कर सरांनी मोबाइल खाली ठेवला, तेही हसले.

मला कळायला एक श्वास लागला. बायांना कळलंच नव्हतं. त्या एकमेकींना टाळ्या देत होत्या. मी ओरडले, नाही, नाही, उलटं झालं, पण माझा जिल्ह्यात नंबर आलेला आवाज तिथे कोणाच्या कानी गेला नाही. मी खाली बसून आजीच्या कानात सगळं सांगितलं. प्रश्न काय होता, आपण काय बोललो. तिने पदर खोचला. रागावली असती तर बरं झालं असतं.

महादेवराव मूळ विषय वाचायला लागले होते. आजी खुर्चीची पाठ धरून उठली. गुडघा कुरकुरला तो मला ऐकू आला. मग ती बोलली, ओरडून नाही, रोज घरी बोलते तशी, आणि बहुतेक त्यामुळेच आजूबाजूचे गप्प झाले.

"साहेब, मले माझा शब्द वापस पायजे."

महादेवराव थांबले. "काय म्हणता, आजी?"

"आत्ता बोलली तो. नामंजूर. मी तो तुमच्या पैशाले म्हटला होता, तुमी तो आमच्याच पैशाले लावून देल्ला. वापस द्या."

हॉलमध्ये हशा झाला, पण तो मघासारखा नव्हता. महादेवराव समजुतीने म्हणाले की शब्द असा परत होत नसतो, इतिवृत्तात गेला.

"मंग प्रश्न वापस विचारा. नीट विचारा. आन् ओरडाले नोका लावू, हात वर कराले लावा. कोनाचं काय हाये ते दिसल तरी."

प्रेमिलाआजी उठली, म्हणाली, माझाबी शब्द वापस द्या. तिच्या जावा उठल्या. केशवकाकांना धीर आला. त्यांनी नियम सांगितला की सभासदांनी मागितलं तर मतं मोजावीच लागतात. महादेवरावांनी पुष्कर सरांकडे पाहिलं, पुष्कर सरांनी हिरव्या रांगांकडे पाहिलं, आणि खांदे उडवले. मोजा की.

मी आनंदाने आजीचा दंड दाबला. आणि तेवढ्यात मला पुढे मम्मीचा अंबाडा दिसला.

कल्ल्यात कोणाचा आवाज कोणाचा, हे कळत नाही. हात मात्र ज्याचा त्याच्या खांद्याला असतो.

उपसूचनेच्या बाजूने हात वर करा म्हटल्यावर मागचे सगळे हात गेले, मधले बरेच गेले. हिरव्यातला एकही नाही. दोघं मोजत खाली उतरले, वर गेले. मग विरुद्ध बाजूने. मी पायांच्या बोटांवर उभी राहून पुढे बघत होते. हिरवे हात वर यायला लागले, एक इथे, दोन तिथे. मम्मीच्या शेजारणीचा आला. मम्मीचा आला नाही. ती समोर बघत होती, दोन्ही हात मांडीवरच्या पर्सवर. तिच्या मागच्या रांगेत आणखी दोघी-तिघी तशाच होत्या, पलीकडे एक म्हातारा हमाल. पुष्कर सर खुर्चीतून थोडे पुढे झुकले. वर आलेल्या हातांत त्यांना रस नव्हता. ते न आलेले हात बघत होते, एकेक, सावकाश.

उपसूचना अगदी थोडक्यात मंजूर झाली. ते हिरवे हात वर गेले असते तर नसती झाली.

मागे जो जल्लोष झाला त्यात मी होते की नाही, मला आठवत नाही. आलूबोंडा मात्र त्या दिवशी आजीनेसुद्धा खाल्ला नाही.

परतताना आम्ही तिघी ऑटोत होतो. अमरावती रोडला ट्रकांची रांग लागलेली, ऑटो इंचाइंचाने सरकत होता.  आजी मम्मीला म्हणाली, "प्रीती, मी हात मांगतले तवा मले तू दिसलीच नाही वं."

"मी पाठमोरी होती, आई. कशी दिसन?" मम्मीने बाहेर ट्रकांकडे बघतच सांगितलं. "मले वाटलं, न उचललेला हात कोनाले दिसते. तोच दिसला."

 

सोमवारी मम्मीला काउंटरवर बसू दिलं नाही. तिला आणि त्या दुसऱ्या बायांना भरणीच्या वाडीतल्याच गोडाऊनला पाठवलं, मसाले भरायच्या कामाला. पगार तूर्त तोच. हिंगण्याच्या यादीत हात वर केलेल्या बायांची नावं लागली. वाडीचं दुकान निदान दिवाळीपर्यंत चालू राहणार आहे. तिघांपैकी दोघा साहेबांनी पैसे परत केले म्हणतात; पुष्कर सरांनी वकील केला आहे. केशवकाका रोज सकाळी ही बातमी नव्याने सांगतात. गल्लीत लोक मला बघून 'नामंजूर' म्हणतात, कोणी चिडवायला, कोणी कौतुकाने. 

बुधवारी शाळा सुटल्यावर मी मम्मीला डबा द्यायला गोडाऊनला गेले. वाटेत मी बरंच काही जुळवून ठेवलं होतं, माफी, कारणं, एक चांगला शेवट. आत पाऊल टाकलं आणि मिरचीच्या खकाण्याने सगळं शिंकांत गेलं. मम्मी ओढणीने नाक-तोंड बांधून बसली होती, नुसते लाल डोळे दिसत होते. शेजारच्या बाईने विचारलं, शब्द वापस मांगनारी म्हातारी तुमच्याच घरची का? मम्मी म्हणाली, हो, सासू माझी. तिच्या आवाजात चक्क अभिमान होता, म्हणून मी शिंकायची थांबले.

"मम्मी," मी म्हटलं, "माझ्यामुळं झालं ना हे?"

तिने डबा घेतला, झाकण चाचपून पाहिलं. "पुढच्या साली मी मांगं बसून राहीन," ती म्हणाली. "पन मले ओरडाले नको शिकवू. विषय वाचून दाखव. पुरा."

शेजारची बाई पुडीचं तोंड बंद करता करता म्हणाली, "आमालेबी."