जिंकलेल्याचा चहा

टेबलावर ट्रकच्या जॅकचा दांडा ठेवला होता आणि सुतार आपला उजवा हात सगळ्यांना दाखवत होता. हात कसला! अंगठा आणि एक बोट उरलं होतं, बाकीच्या जागी शिवलेली, तांबूस, चकचकीत कातडी. भांडण कशावरून, तर सुताराच्या कारखान्याच्या दारात ट्रक उभा केला यावरून. सुताराने शिवी हासडली. ट्रकवाल्याने त्याची मान पकडली, त्याचा हात त्याच्याच कामाच्या बाकावर दाबला आणि दांडा हाणला. एकदा हाणून थांबला असता तर माणूस म्हटलं असतं. हाडं मोडल्याचा आवाज रस्त्यापलीकडे ऐकू आला, असं साक्षीदाराने सांगितलं.

शिंपीण हे सगळं मान खाली घालून ऐकत होती. वस्तीच्या कोर्टाची ती निवडून आलेली न्यायाधीश. सगळे तिला ताई म्हणत, भांडायला आलेले तर जरा जास्तच गोड म्हणत. एरवी दुकानात कपडे शिवायचे आणि आठवड्यातून एकदा या बंद पडलेल्या डेअरीच्या हॉलमध्ये बसून लोकांची फाटकी तोंडं शिवायची, असं तिच्या शेजारी बसणारा न्हावी म्हणे. तोही निवडून आलेला. तिसरे म्हातारे पोस्टमनकाका. पगार तिघांनाही नव्हता, शिव्या मात्र तिघांनाही सारख्याच मिळत.

पहिल्या वर्षी एका निकालानंतर दोन्ही बाजूंची माणसं एकदम बाहेर पडली होती आणि पायरीवरच एकाने दुसऱ्याचा कान दातांनी तोडला होता. ताईने तो कान रुमालात गुंडाळून दवाखान्यात पोचवला आणि दुसऱ्या दिवशी नियम केला. हरलेला आधी जाईल. न्हावी त्याला घरापर्यंत सोडेल. जिंकलेला मागे बसेल, ताई त्याला स्वतःच्या हाताने चहा करून देईल आणि न्हावी परत आल्याशिवाय तो उठणार नाही. हरलेला पिसाळलेला असतो आणि जिंकलेला निवांत, एवढं साधं गणित होतं तिचं. त्यानंतर पायरीवर रक्ताचा थेंब सांडला नाही. दुसऱ्यांदा मतं मागताना तिने हेच छाती पुढे काढून सांगितलं होतं, आणि लोकांनी भरभरून मतं दिली होती.

निकालही तिने सुताराच्या मनासारखा दिला. ट्रकवाल्याने चारचौघांत हात जोडून माफी मागायची. पुन्हा त्या गल्लीत ट्रक घालायचा नाही. सुताराचं लाकूड जन्मभर फुकट वाहायचं, तेही गल्लीच्या तोंडापासून स्वतःच्या खांद्यावर. सुताराने जे जे मागितलं होतं ते सगळं त्यात होतं. पोलिसात जा म्हणून लोक मागे लागले, तेव्हा तोच म्हणाला होता, मला ताईचा न्याय पाहिजे.

ट्रकवाला उठला. आडदांड गडी, पण चेहरा पडला होता. त्याने छातीशी हात जोडले आणि म्हणाला, "चुकलं माझं. माफ कर." सुतार त्याच्या चेहऱ्याकडे बघतच नव्हता. तो जोडलेल्या हातांकडे बघत होता. दहाच्या दहा बोटं जागच्या जागी होती.

ट्रकवाल्याला सोडायला न्हाव्याबरोबर पोस्टमनकाकाही गेले. हॉल रिकामा झाला. सुतार भिंतीलगतच्या खुर्चीवर बसला आणि ताईने स्टोव्ह पेटवला.

"ताई," सुतार म्हणाला, "ते दार लावून घ्या."

"राहू दे रे. जरा हवा येतेय."

"लावून घ्या ना."

"घाबरतोस कशाला? तो काही परत येत नाही आता." तिने साखर टाकली. "साखर जास्त टाकते. आज तोंड गोड करायचा दिवस आहे तुझा."

मागे खुर्ची सरकली. ताई वळली तेव्हा दांडा टेबलावर नव्हता. तो सुताराच्या डाव्या हातात होता, आणि सुतार दाराकडे निघाला होता.

ती धावली. पन्नाशी उलटलेली, गुडघे कुरकुरणारी बाई, पण त्याच्याआधी दारात पोचली आणि दोन्ही हात चौकटीला लावून उभी राहिली.

"बाजूला व्हा."

"ठेव तो खाली. तू जिंकलायस रे, वेड्या!"

"बाजूला व्हा ताई!"

ती हलली नाही, आणि त्याने हाणला. पहिला फटका उजव्या कोपरावर बसला. काहीतरी कडकन मोडलं आणि तिचा हात खांद्यापासून नुसता लोंबायला लागला. दुसरा बरगडीवर बसला. ती खाली कोसळली, तो तिला ओलांडायला गेला, तेव्हा तिने डाव्या हाताने त्याचा पाय धरला आणि पोटरीला कडकडून चावली. रक्त तोंडात आलं तरी सोडलं नाही. तो ओरडला, तिच्या पाठीत दांडा घातला, पुन्हा घातला. मागे स्टोव्हवर चहा उतू जात होता. माणसं धावत आली, चौघांनी सुताराला जमिनीवर दाबला, तरीही तिचे दात त्याच्या पोटरीतच होते. परत आलेल्या न्हाव्याने जबडा धरून सोडवले.

ट्रकवाला तोवर घरी पोचून जेवायला बसला होता.

कोपर सांधलं, पण हात सरळ होईना. कात्री धरता येत नव्हती. सूनबाई घास भरवायची आणि मुलगा खोलीत येरझाऱ्या घालत दातओठ खायचा.

"आई, पोलिसात चल. सडू दे मेल्याला आत."

"मी लोकांना जो न्याय देते तो मला चालत नाही, असं म्हणू?" ताई म्हणायची. "उद्या कुठल्या तोंडाने बसू त्या खुर्चीवर?"

म्हणून ती त्याच हॉलमध्ये गेली, टेबलाच्या या बाजूला बसली. तिच्या जागी बेकरीवाल्याला बसवलं होतं. टेबलावर तोच दांडा होता. सुतार एक शब्द उलटा बोलला नाही. रडला, उरलेला अंगठा आणि बोट डाव्या हाताला जोडून माफी मागितली. निकाल लागला की तिच्या दुकानाचं शटर तिला उचलता येत नाही, तर सुताराने रोज सकाळी ते उघडायचं आणि संध्याकाळी लावायचं. ताईने मान डोलावली. ताई मनाची मोठी, असं लोक एकमेकांना सांगत बाहेर पडले. तिलाही तसंच वाटत होतं.

मग नियमाप्रमाणे हरलेला आधी निघाला. न्हावी आणि बेकरीवाला त्याच्या दोन्ही अंगांना. पोस्टमनकाकांनी स्टोव्ह पेटवला आणि ताई भिंतीलगतच्या खुर्चीवर बसली. इतकी वर्षं तिने दुसऱ्यांना त्या खुर्चीवर बसवलं होतं, स्वतः कधी बसली नव्हती. तिथून उघडं दार समोर दिसतं आणि पायरी उतरणाऱ्याची पाठ दिसते, हे तिला आजच कळलं.

सुतार पोटरीमुळे जरा लंगडत होता, पण चालत होता. हात हलवत चालत होता. न्हाव्याने काहीतरी विचारलं आणि त्याने मान हलवून उत्तर दिलं, घरी जाणारा माणूस देतो तसं. त्याचं झालं होतं. माफी मागून त्याचं सगळं झालं होतं! आणि ही उद्या सकाळी त्याला शटर उघडताना बघणार होती, परवाही, मरेपर्यंत. तळपायाची आग मस्तकात गेली. ती पाठ फोडावी, तो मणका आवाज येईल असा मोडावा, याशिवाय तिला या जगात दुसरं काहीही नको होतं. आणि मग तिला आठवलं की सुताराने दोनदा दार लावायला सांगितलं होतं. ट्रकवाल्याला घाबरून नव्हतं सांगितलं.

"काका," ती म्हणाली, "दार लावून घ्या."

"लावतो गं. चहा उतू जाईल." म्हातारा वळलासुद्धा नाही.

पाठ गल्लीच्या वळणापर्यंत पोचली होती. ताई उभी होती. कधी उठली ते तिलाच कळलं नव्हतं.

"चहा गेला खड्ड्यात!" ती किंचाळली. "आधी दार लावा, कडी घाला, आणि माझ्या हातातला हा दांडा काढून घ्या. माझ्याने सुटत नाहीये."