यंत्रमानवाचा अंगठा

इस्पितळाच्या धुलाईघरात त्या सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. नर्सबाया, वॉर्डबॉय, स्वयंपाकघरातले आचारी, झाडून सगळे जमले होते. मधोमध स्टँडला अडकवलेला पांढराशुभ्र यंत्रमानव चादरींच्या घड्या घालत होता. माणसासारखी मान, माणसासारखी बोटं. प्रत्येक घडीला टाळ्या!

"हा रजा मागत नाही, चहा मागत नाही, याची कंबर धरत नाही!" विक्रेता घसा ताणून सांगत होता. "बुद्धी याची स्वतःची. बाहेरून कुणी बोटसुद्धा लावत नाही!"

"आणि पाय कशाला?" थोरलीने विचारलं. घड्यांच्या टेबलावर तिची बावीस वर्षं गेली होती.

"चालायला, बाई!"

"मग चालवा की."

"फरशी ओली आहे ना."

"अहो, धुलाईघर आहे. कोरडी कधी असणार?"

बायका खुसखुसल्या, पण इस्पितळाच्या साहेबांनी खरेदीच्या कागदावर सही करायला पेन काढलंच. सही झाली की टेबलावरच्या अकराजणी उद्यापासून घरी.

तेवढ्यात यंत्रमानवाने चादर उचलण्याआधी अंगठा चेहऱ्याशी नेला, घडी झाल्यावर वर दोन थापट्या मारल्या. पुढच्या चादरीलाही तेच.

"पाहिलंत? वंदन करतोय!" विक्रेता म्हणाला. दोघातिघांनी उलट हातही जोडले.

थोरली डोळे फाडून बघत राहिली. अगं बाई! चिकटलेल्या चादरी सुटाव्यात म्हणून अंगठा चाटायचा, घडी झाली की वर दोन थापट्या मारायच्या. याला ना तोंड ना जीभ, हा मेला चाटतोय काय? आणि ही खोड तर तिच्या धाकट्या जावेची! महिन्यापूर्वी 'कंपनीत बसून काम' मिळालं म्हणून ती टेबल सोडून गेली होती.

थोरली कडाडली, "धाकटे, दूध गॅसवर ठेवून आलीस ना गं?"

यंत्रमानवाच्या हातातली चादर गळाली. त्याने दोन्ही हात कपाळावर मारून घेतले. टण्ण!

हास्याचा नुसता स्फोट झाला. स्टँडमागची तार जिथे शिरली होती, त्या शेजारच्या कोठीचं दार थोरलीने ढकललं. आत धाकटी, डोळ्यांवर भलामोठा चष्मा, हातांत तारा जोडलेले मोजे. ती हात हलवी तसा बाहेरचा बाहुला हात हलवी.

"जाऊबाई, दूध खरंच उतू गेलं?"

"आज दूध आलंच नाही, भवाने! आमच्या पोटावर पाय देतेस होय?"

धाकटीच्या डोळ्यांत पाणी आलं. "नुसती गंमत दाखवायचीय म्हणाले हो. कुणाला सांगायचं नाही म्हणून सही घेतली."

"पुढच्या वर्षी तो स्वतःच शिकेल," विक्रेता घाम पुसत म्हणाला.

"मग पुढच्याच वर्षी या!" आचाऱ्याने एक मोजा चढवून बाहुल्याकडून त्याला टाटा करवला.

साहेबांनी पेनाला टोपण लावलं. "म्हणजे तुम्हाला यंत्रं नकोतच?"

"नकोत कशी? पिळायचं यंत्र दोन महिने बंद पडलंय, ते आधी दुरुस्त करा. त्याला ना डोकं ना पाय, नुसतं फिरतं पिंप. पण दिवसाला सातशे चादरी पिळायचं!" थोरलीने धाकटीला दंडाला धरून टेबलाशी उभं केलं. "चेहरा बघून भुलू नका, साहेब. आधी विचारा, काम कोण करतंय?"