कुंपणाचा निबंध

राजे एगोन न्याहारीला बसले की ओटिलियेबाईंनी त्यांना पॅरिसहून आलेली पुस्तकं वाचून दाखवायची, असा वाल्डेनराइन या छोट्या जर्मन राज्याच्या दरबारचा सहा वर्षांचा रिवाज होता. सगळी माणसं मुळात सारखीच, असं काही वाक्य आलं की राजांचे डोळे पाणावत. मग ते रुमाल मागत, आणि रुमाल यायला उशीर झाला की आणणाऱ्याला शिव्या घालत.

ओटिलिये ब्रांडहोर्स्ट ही पाद्र्याची मुलगी, चाळिशीतली विधवा. फ्रेंच उत्तम, म्हणून नोकरी मिळालेली. पूर्वी राजेलोक मोर पाळायचे, आता तत्त्वज्ञ पाळतात, हे तिनं पहिल्याच वर्षी ओळखलं होतं. शेजारच्या राजानं पॅरिसचा एक विचारवंत आणून ठेवला, तेव्हा एगोनना अन्न गोड लागेना. विचारवंत परवडेना, म्हणून त्यांनी निबंधस्पर्धा जाहीर केली: ‘प्रजा सुखी कशानं होईल?’ निबंधावर नाव नको, नाव वेगळ्या लखोट्यात बंद.

एकोणीस निबंध आले. अठरांचं उत्तर एकच, एगोनसारखा राजा मिळाल्यानं. एकोणिसावा चार पानांचा होता. राजांची रानडुकरं आमचं उभं पीक खातात, त्यात लिहिलं होतं. डुक्कर मारलं तर तुरुंग. कुंपण घातलं तर शिकारीच्या घोड्यांना अडथळा, म्हणून तेही बंद. ऐन कापणीत आम्हालाच हाकारे घालायला वेठीला धरतात. ज्याला आपलं शेत राखायची मुभा नाही, त्याला सुखाबद्दल विचारू नये.

ओटिलियेनं मुद्दाम तोच आधी वाचला. फ्रान्सच्या राजाचे वकील पाहुणे होते, त्यांनी टाळ्या वाजवल्या. लगेच राजांनीही वाजवल्या.

“काय लेखणी आहे,” राजे म्हणाले. “शेतकऱ्याचं सोंग घेतलेला हा कुणीतरी बर्लिनचा थोर माणूस आहे. फोडा लखोटा.”

आत नाव होतं, यॉस्ट हॅकमान, गाव निडरबाख.

“हा तर आपलंच कूळ, महाराज,” दरबारप्रमुख फॉन रीडेसहाइम कानाशी लागला. “पाद्र्यानं लिहायला शिकवलंय मेल्याला.”

पण वकिलांसमोर मागे फिरणार कसं? पदक द्यावंच लागलं.

यॉस्टला आधी आंघोळ घालून मग दिवाणखान्यात उभं केलं. सरदारांच्या बायका त्याचे हात चाचपून बघत होत्या, बाजारात बैल बघावा तशा.

“माग, काय हवं ते,” राजे म्हणाले.

“कुंपण, महाराज. कमरेएवढं पुरे.”

राजे हसले. “अरे, निसर्गाला कुंपण? सगळा नवा विचार निसर्गाच्या मोकळेपणावर उभा आहे, आणि तू एवढा शहाणा असून डुकरांना अडवतोस?”

सगळ्यांनी माना डोलावल्या.

“मग पदक डुकरांनाच द्या, महाराज,” यॉस्ट म्हणाला. “मोकळी तीच आहेत.”

वकील निघून जाईपर्यंत राजे हसतच होते. नंतर उद्धटपणाबद्दल यॉस्टला ऐन कापणीत तीन आठवडे वेठीची शिक्षा झाली. राजवाड्यामागे झाडांचे बुंधे उपटताना तो ओटिलियेला भेटला.

“बाईसाहेब, तुम्ही रोज त्यांना वाचून दाखवता म्हणे. काही फरक पडतो का?”

“पडतो. रुमाल जास्त धुवावे लागतात.”

तो हसला नाही. “मग कशाला वाचता?”

राजांची, दरबाऱ्यांची किळस तिला सवयीची होती. त्या दिवशी पहिल्यांदा स्वतःची आली.

महिन्याभरात पॅरिसच्या एका विद्वत्सभेचं पत्र आलं. कूळसुद्धा जिथं तत्त्वचिंतन करतं अशा राज्याच्या अधिपतीला प्रणाम, वगैरे.

“उत्तर लिहा बाई, फ्रेंचमध्ये,” राजे बुटात पाय घालत म्हणाले. “जरा नम्र, जरा भारदस्त.” बाहेर शिकारीचे कुत्रे भुंकत होते.

तिनं घडलेलं सगळं लिहिलं, राजांच्याच तोंडून. मी कुंपण नाकारलं. मी त्याला वेठीला धरलं. त्याचं पीक डुकरांनी खाल्लं, आणि डुकरं मी खाल्ली. राजांनी न वाचता सही ठोकली. पत्र टपालात पडलं त्याच दिवशी ओटिलियेनं नोकरी सोडली, यॉस्टला पत्ता कळवला आणि हॅम्बुर्गला बहिणीकडे गेली.

तिला वाटलं होतं, पॅरिस संतापेल. पण पॅरिसला गंमत वाटली. स्वतःची अशी टर उडवणारा विनोदी राजा युरोपात दुसरा नाही म्हणे. दिवाणखान्यांतून त्या पत्राच्या नकला फिरल्या आणि एगोनना सभेचं मानद सदस्यत्व मिळालं. राजांनी त्याची सनद चौकटीत लावली. पत्रात काय होतं ते सांगायची रीडेसहाइमची छाती झाली नाही.

वसंतात पॅरिसचे दोन विद्वान ‘तत्त्वज्ञ कुळा’चं दर्शन घ्यायला निघाले. ते पोचायच्या आदल्या दिवशी यॉस्टच्या शेताला सुरेख पांढरं कुंपण बसलं. पाहुण्यांनी कुंपणावर हात ठेवून डोळे पुसले. ते परतल्यावर सुतारांनी येऊन कुंपण उखडून नेलं.

यॉस्टनं बघून घेतलं. त्याच आठवड्यात शेतात शिरलेली दोन डुकरं त्यानं भाल्यानं मारली, एक गावात वाटलं, एकाला मीठ लावलं, आणि शिपाई यायच्या आत बायकोला घेऊन राज्य सोडलं.

हॅम्बुर्गला ओटिलियेनं दार उघडलं तेव्हा त्याच्या खांद्यावर फडक्यात गुंडाळलेली एक मांडी होती.

“राजांची आहे,” तो म्हणाला. “चूल पेटलीय का?”